रांजण भरून जाजो

माझी नात स्पेनमधल्या समुद्रकाठच्या एका शहरात आठ दिवस राहून आली. हॉटेलात नाही, होस्टेलात. पाठीवर पिशव्या घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या पोरापोरींसाठी तसली ठिकाणं असतात म्हणे. एका खोलीत आठ जणांचे वरखाली पलंग, सगळ्यांना मिळून एक स्वयंपाकघर, मागे अंगण. ती मोबाईलवर फोटो दाखवत होती. अंगणात दोन झाडांना बांधलेली एक झोळी आणि तीत भर दुपारी घोरत पडलेला एक दाढीवाला. ओट्याच्या वर पाटी: आपली ताटली आपण धुवा.

"आबा, तिथे कोणी काही विचारत नाही," ती सांगत होती. "कधीही उठा, कधीही झोपा. तू कोण, कुठला, कशाला आलास, काही नाही. तुम्हाला नाही कळायचं ते."

ते शेवटचं वाक्य मला झोंबलं. या वयात मला काय काय कळत नाही, याची यादी घरातले लोक रोजच वाचून दाखवतात. मी म्हणालो, "मला नाही कळायचं? मी राहिलोय तसल्या ठिकाणी. अडीच महिने. अकोल्यात."

सगळे हसले. सुनेनं तर चहाचा कप खाली ठेवून हसून घेतलं. स्पेन कुठे आणि अकोला कुठे! मग मीही हट्टाला पेटलो आणि तासभर त्या घराच्या गमतीजमती सांगत बसलो. सगळं सांगितलं, एक गोष्ट सोडून. ती तोंडानं सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून इथे लिहितो.

साल एकोणीसशे साठ. मी वीस वर्षांचा होतो आणि इंटर नापास झालो होतो. आमचं घर अमरावतीला. वडील शाळेत हेडमास्तर. नापास मुलगा हेडमास्तरांच्या घरात म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ तोंड लपवण्याचा कार्यक्रम. शेवटी कुणाच्या तरी ओळखीनं अकोल्याच्या एका जिनिंग-प्रेसमध्ये कापसाची प्रतवारी शिकायला मला पाठवलं. जानेवारी ते मार्च शिकायचं, हात बसला तर नोकरी पक्की, नाही तर घरी परत. कापसाचा पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, धागा किती लांब निघतो ते डोळ्यांनी मापायचं, पुन्हा ओढायचा. दिवसातून शंभर वेळा. अंगठ्यांची सालं निघायची, पण मला ते काम आवडलं. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी येत होतं.

राहायची सोय वडिलांनी आमच्या समाजाच्या धर्मशाळेत लावून दिली होती. तिथे तीन दिवसांच्या वर कुणाला राहू देत नाहीत, हे वडिलांना माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी दिवाणजींनी माझी वळकटी ओट्यावर आणून ठेवली. मी ती डोक्यावर घेऊन प्रेसच्या फाटकाशी उभा होतो, तेव्हा तिथे स्टोव्ह दुरुस्त करायला येणारे एक मुसलमान चाचा म्हणाले, "मामा के यहां चलो. उनके यहां कोई निकालता नहीं."

मामांचं घर स्टेशनच्या मागच्या अंगाला होतं. घर कसलं, कधीकाळचं कापसाचं गोदाम. लांबच लांब टिनाची खोली, त्यात दहा-बारा सुंभाच्या बाजा, मागे मामा-मामींचा चुलीचा एक खण, आणि पुढे अंगण, विहीर, कडुनिंब. मामा रेल्वेत पॉइंटमन होते, रूळ बदलणारे. रिटायर झाल्यावर त्यांनी हे गोदाम घेतलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला राहायला दिलं. मी गेलो तेव्हा ते कडुनिंबाखाली बाजेवर आडवे पडून गाड्यांचे आवाज ऐकत होते. दिवसातला बराचसा वेळ ते हेच करत. "मालगाडी हाये. मांगचा डबा सैल हाये," असं डोळे न उघडता सांगत, आणि ते खरं असावं, कारण खोटं ठरवायला उठून जायचा उत्साह तिथे कुणालाच नव्हता.

मी माझं नाव सांगायला लागलो, तर त्यांनी हात हलवला.

"नाव-गाव राहू दे बे. ते कोणी विचारत नाई इथं. रिकामी बाज पाह्य आन पसर. कायदा एकच हाये. जाशीन त्या दिवशी हा रांजण भरून जाजो."

दाराशी अर्धा जमिनीत पुरलेला एक मोठा रांजण होता. वर लाकडी झाकण, झाकणावर लांब दांड्याचं ओगराळं आणि एक जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, गिलास. सगळ्यांना एकच. जो कोणी मुक्काम हलवेल त्यानं विहिरीचं पाणी ओढून रांजण भरायचा आणि मग रस्त्याला लागायचं. मागून येणाऱ्याला तुझ्या हातचं पाणी मिळालं पाहिजे, एवढाच अर्थ. कुणाला भाड्याची सूट मिळाली असेल, या कायद्यातून सूट नव्हती. बियाणं विकत फिरणारा एक पैलवानी गडी होता, तो माझ्या अडीच महिन्यांत चारदा आला-गेला आणि चारही वेळा पंधरा-पंधरा बादल्या ओढून गेला.

ते घर मला फार आवडलं. आमच्या घरी उठण्याची वेळ, आंघोळीची वेळ, पाढ्यांची वेळ, आणि माझ्यासाठी खास बोलणी खाण्याची वेळ. इथे रविवारी दहाला उठलो तरी मामी एवढंच म्हणत, "उठला का पोट्टा? भाकर झाकून ठेवली हाये." तवा सगळ्यांचा. ज्यानं घासला त्याला पहिला चहा. स्टोव्हवाले चाचाही तिथेच राहत; ते चहा करायचे, पैलवान मुंबईच्या गोष्टी सांगायचा, आणि ती मुंबई त्यानं पाहिली असेल असं मला कधीच वाटलं नाही. दुपारभर आम्ही कडुनिंबाखाली लोळायचो. माझ्या नातीच्या फोटोतला तो झोळीतला दाढीवाला आमच्यात सहज खपला असता.

दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे. मग सगळंच लक्षात आलं. तोवर मी त्या रांजणाचं आठ-दहा गिलास पाणी पिऊन बसलो होतो आणि मामींच्या हातची अंबाडीची भाजी मागून घेऊन खाल्ली होती. त्या सकाळी मी रांजणाकडे फिरकलो नाही, हे खरं सांगतो. लहानपणापासून अंगात मुरलेलं एका गिलासानं निघत नाही. पण दुपार झाली, भूक लागली, आणि मी पुन्हा जाऊन जेवलो. आठवड्याभरात मी ते विसरलोही. म्हणजे मला वाटलं विसरलो.

रांजणाची हकिकत मामांनीच एकदा सांगितली. "छप्पन साली नागपूरले जाऊन आलो. आमी दोघंबी. घरी आलो आन पयले हा रांजण आनला. साऱ्या नोकरीभर म्या ओंजळीनं पाणी पेलो, बाबू. टेसनावर पाणी वाढनारा वरून धार सोडे, आन आमी खाली हात धरून वाकून पेऊ. त्या दिवशी मामीले म्हनलं, आता मेलो तरी ओंजळीनं नाई पेनार. आन आपल्या दारात कोनाले पेऊ देनार नाई."

मी मान डोलावली होती. मला ते पटलंही होतं. तसं तर वडीलही पंधरा ऑगस्टला शाळेत अस्पृश्यतेवर भाषण द्यायचे, आणि तेही मला पटायचं.

घरी मात्र मी लिहिलं होतं की प्रेसमधल्या एका बड्या माणसानं आपल्या गोदामात राहायची सोय केली आहे, माणसं आपल्यापैकीच आहेत. तीन ओळींचं पत्र, त्यात दोन ओळी खोट्या.

मार्चच्या पहिल्या शनिवारी प्रेसच्या पत्त्यावर वडिलांचं कार्ड आलं. रविवारी अकोल्यास येत आहे, तुझी जागा पाहून संध्याकाळच्या गाडीने परतेन. मी ते कार्ड पाच वेळा वाचलं. वडिलांना कळलं असतं तर वळकटी बांधून त्याच गाडीनं मला अमरावतीला नेलं असतं. प्रतवारी सुटली असती, नोकरी सुटली असती, आणि पुन्हा तेच घर, तेच तोंड लपवणं. शिकणं संपायला दोनच आठवडे उरले होते.

मी मामांपाशी गेलो. काय बोललो ते शब्दानिशी आठवतं, आणि आठवलं की आजही कान गरम होतात. मी म्हणालो, "मामा, उद्या दुपारपुरती ती तसबीर काढता येईल का? आणि तुम्ही... म्हणजे तुम्ही मालक आहात असं नको दिसायला."

मामी चुलीपाशी होत्या. त्यांनी ऐकलं आणि त्या बाहेर आल्या.

"माह्या घरातून मी काहून जाऊ? याच्या बापाले आपल्या घराची लाज वाटते तं यानं दुसरं घर पाहावं."

"जाऊ दे व," मामा म्हणाले. "पोराच्या नोकरीचं हाये. एका दुपारचा तं सवाल हाये."

"तुमाले सवाल एका दुपारचा दिसते," मामी म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. मी त्या वेळी मामींवर चिडलो होतो, एवढी माझी अक्कल.

रविवारी सकाळी मामांनी स्वतः स्टुलावर चढून तसबीर उतरवली, धुतलेल्या पंचात गुंडाळली आणि ती घेऊन बाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसले. बाजेवर नाही, खाली बुंध्याशी. मामींनी चुलीच्या खणाचं दार आतून लावून घेतलं. चाचा मात्र दारातच आपले स्टोव्ह मांडून बसले. त्यांना काही सांगायची माझी छाती नव्हती.

वडिलांना मी एकच्या सुमाराला स्टेशनवरून घेऊन आलो. अंगात बंद गळ्याचा कोट, हातात आईनं दिलेला लाडवांचा डबा. बाजेच्या कडेवर बसून त्यांनी सगळीकडे नजर फिरवली. चुन्याच्या भिंतीवर तसबिरीच्या जागी एक पांढरा चौकोन आणि वर खिळा दिसत होता. त्या चौकोनाकडे त्यांनी पाहिलं की नाही, मी सांगू शकत नाही. मालक कुठे आहेत, विचारलं. गावाला गेलेत, मी म्हणालो. मग त्यांनी पाणी मागितलं. मी रांजणातून जर्मनचा गिलास भरून दिला. ते दोन गिलास प्यायले.

"पाणी गोड आहे इथलं," ते म्हणाले.

त्यांनी माझे अंगठे पाहिले, सोललेल्या कातडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "शिकतोयस तर." नापास झाल्यापासून ते माझ्याशी एवढ्या मऊपणानं बोलले नव्हते. मला इतकं बरं वाटलं की झाडाखाली कोण बसलंय हे मी त्या दोन तासांत विसरूनच गेलो.

तीन वाजता ते निघाले. अंगणात आलो तेव्हा सावली सरकून विहिरीकडे गेली होती आणि मामा उन्हात बसले होते. जागचे हलले नव्हते. मांडीवर पंचातलं गाठोडं, कपाळावर घाम.

"कोण रे हा?" वडिलांनी हळूच विचारलं.

"कोणी वाटसरू असेल," मी म्हणालो.

"उन्हात बसलाय बिचारा. पाणी दे त्याला." असं म्हणून वडील वळले आणि फाटकाच्या दगडावर पाय ठेवून वाकून बुटाची नाडी बांधू लागले.

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या घरी लाकडं फोडायला एक माणूस यायचा. त्याला पाणी वाढायचं काम माझं. तांब्या छातीइतका उंच धरायचा, धार बारीक सोडायची, खाली शिंतोडा उडू द्यायचा नाही. त्याचं पोट भरलं की तो मान हलवायचा, मग थांबायचं. सात-आठ वर्षांचा असल्यापासून मी ते करत होतो. "याची धार कशी सरळ पडते," असं आई शेजारणीला कौतुकानं सांगायची.

मी रांजणातून गिलास भरला. मामांपाशी गेलो. वडिलांची माझ्याकडे पाठ होती. मी गिलास मामांच्या हातात देऊ शकत होतो, रोज देत होतो. आणि माझा हात वर गेला.

मामांनी वर उचललेल्या गिलासाकडे पाहिलं. मग त्यांनी मांडीवरचं गाठोडं उचलून बाजूला, बुंध्याच्या सावलीत ठेवलं आणि दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली. मी धार सोडली. सरळ पडली. ते वाकून पाणी प्यायले आणि पुरे झाल्यावर, त्या लाकूडफोड्यासारखीच, त्यांनी मान हलवली. मी थांबलो.

मग वडिलांना स्टेशनवर पोचवून आलो. परत येईपर्यंत तसबीर जागेवर गेली होती. मामींनी ताट वाढलं आणि त्या चुलीकडे परत गेल्या. मामा बाजेवर पडून गाडीचा आवाज ऐकत होते. ती वडिलांची गाडी होती. या खेपेला ते तिच्याबद्दल काही म्हणाले नाहीत. चाचा पंपाचं वॉशर बसवत होते. मी जवळून गेलो तसं खाली बघतच म्हणाले, "बाबू, आपके अब्बा तो उधर मुंह करके खड़े थे."

वडिलांच्या भीतीनं केलं, असं म्हणायची सोयच त्या एका वाक्यानं काढून घेतली. मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला ते सांगून पाहिलं, पण दर वेळी मला वडिलांची पाठ दिसायची. मामा ज्या पाण्यासाठी नागपूरला गेले, ज्याच्यासाठी त्यांनी तो रांजण पुरला, ते पाणी त्यांच्याच अंगणात मी त्यांना ओंजळीनं पाजलं, आणि वडील बघतही नव्हते.

मी माफी मागितली नाही. रोज सकाळी मागायचं ठरवायचो आणि रोज प्रेसला निघून जायचो. मामांचं वागणं बदललं म्हणावं, तर तसं काही नव्हतं. भाकरी तीच, बाज तीच. फक्त ते मला आता "अबे" म्हणत नव्हते. "तुमी" म्हणत होते. "तुमी जेवून घ्या." "तुमचं पाणी तापलं हाये." मी नोकरी लागल्याचं सांगितलं, तेव्हाही म्हणाले, "चांगलं झालं तुमचं."

नोकरी अकोल्यातच, पण प्रेसनं खोली दिली होती. निघायच्या दिवशी मी वळकटी बांधली, बादली घेतली आणि विहिरीकडे गेलो. आदल्या संध्याकाळपासून मी त्याचाच विचार करत होतो. वाटत होतं, आज तोंडातून शब्द फुटला नाही तरी चालेल. पंधरा नाही, वीस बादल्या ओढीन. ते बघतील, आणि त्यांना कळेल.

मी कप्पीवर दोर टाकला तसे मामा बाजेवरून उठले. ते सहसा कुणासाठी उठत नसत. जवळ येऊन त्यांनी माझ्या हातातली बादली घेतली आणि काठावर ठेवली.

"राहू द्या," ते म्हणाले. "रांजण भरेल हाये."

रांजण भरलेला नव्हता. सकाळी मी पाणी घेतलं तेव्हा ओगराळं तळाला खडखडलं होतं. ते त्यांना माहीत होतं आणि मला माहीत होतं, हेही त्यांना माहीत होतं. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाय धरले असते. मी वळकटी उचलली आणि निघालो. गल्लीच्या वळणापर्यंत पोचलो तोच मागे कप्पी करकरली. कोणीतरी पाणी ओढत होतं. मी वळून पाहिलं नाही.

पुढे चार वर्षं मी अकोल्यात होतो. प्रेसपासून ते घर दहा मिनिटांवर. स्टेशनला जायचं झालं तरी मी लांबच्या रस्त्यानं जायचो. चौसष्ट साली माझी बदली मूर्तिजापूरला झाली, तेव्हा एकदाचा मनाचा हिय्या करून गेलो. गोदामात सरकीची पोती होती. मामा आदल्या वर्षी गेले आणि मामी लेकीकडे राहायला गेल्या, असं तिथल्या हमालानं सांगितलं. रांजण जागेवर होता. काठ फुटलेला, आत पाचोळा. विहिरीला दोर नव्हता.

परवा हे घर, मामांच्या गाड्या, पैलवानाची मुंबई, सगळं मी रंगवून सांगितलं, आणि जाताना रांजण भरायचा कायदाही सांगितला. नात खूश झाली. तिच्या होस्टेलातल्या ताटली धुवायच्या पाटीपेक्षा हे कितीतरी भारी, म्हणाली. मग मोबाईल बाजूला ठेवून तिनं विचारलं, "आणि आबा, निघताना तुम्ही किती बादल्या ओढल्या?"

"वीस," मी म्हणालो. "काठोकाठ भरला."